राखणदाराला हिट पॉइंट द्यायचे का? कोकणी कॅम्पेन, कॅरेक्टरची ताकद आणि खेळाचा बाज

खाडीकाठ

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फाशांनी खेळायचा कथाखेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. कॅम्पेनची (सलग चालणाऱ्या साहसाची) भूमी अठराव्या शतकातल्या कोकणासारखी आहे: खाड्या, देवराया, जांभ्याचे सडे, बंदरातली गलबतं, आणि तिन्हीसांजेनंतर कोणी पाणंदीतून एकटं जात नाही. पार्टीत चार जण आहेत: फायटर (लढवय्या), विझर्ड (जादूगार), क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा), रेंजर (रानवाटांचा जाणकार). सगळे चौथ्या लेव्हलला.

आतापर्यंत बाज छान टिकला आहे. तरीवाला रात्री तर (खाडी ओलांडायची होडी) सोडायला नकार देतो आणि खेळणारे त्याचं ऐकतात. पुढची लेव्हल पाचवी. तिथे विझर्डला फायरबॉल (आगीचा गोळा) आणि फ्लाय (उडणं) ही स्पेल मिळणार, फायटरला दुसरा वार मिळणार. त्यानंतर तरीवाल्याचं कोण कशाला ऐकेल?

प्रश्न दोन. ताकद वाढू देऊनही ही भीती कशी राखायची? आणि देवराईच्या राखणदाराला स्टॅटब्लॉक (हिट पॉइंट, हल्ला वगैरे लढाईचे आकडे) द्यायचा का? एक खेळाडू म्हणतो, द्यायलाच हवा, नाहीतर तो डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) हट्ट वाटतो.

वीसफाशी

आधी ताकद आणि बाज वेगळे करा. ताकद म्हणजे कॅरेक्टर काय करू शकतं. बाज म्हणजे त्याची किंमत काय पडते आणि गाव त्याच्याकडे कसं बघतं. पाचव्या लेव्हलला खेळ बिघडतो तो नुकसानाच्या आकड्यांमुळे नाही. काही ठरावीक स्पेल अडचणच नाहीशी करतात, म्हणून बिघडतो.

आकडेच बघा. पाचव्या लेव्हलचा फायटर, कॉन (कॉन्स्टिट्यूशन, शरीराचा चिवटपणा) +२, सरासरी धरली तर ४४ हिट पॉइंट (मार सोसायची क्षमता). ढालीसकट एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १८ समजू. समोर दहा साधे चाचे, पुस्तकातला बँडिट. त्याचा हल्ला +३, म्हणजे १८ एसीला फाशावर १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३० टक्के. दहा जणांनी क्रॉसबो सोडले की तीन लागतात, प्रत्येकी सरासरी ५.५, क्रिटिकल (फाशावर २० आल्यावरचा जबर वार) धरून फेरीला १८-१९ जातात. तिसऱ्या फेरीत फायटर आडवा. म्हणजे गर्दीची भीती या आवृत्तीत पाचव्या लेव्हललाही शाबूत आहे. प्रोफिशियन्सी बोनस (सरावाचं अधिक) चौथ्याला +२, पाचव्याला +३, एवढाच फरक.

आता तेच दहा जण एका गलबतावर उभे करा. फायरबॉल ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८, सेव्ह (बचावाचा फासा) जमली तरी १४. बँडिटचे हिट पॉइंट ११. व्यास ४० फूट, त्यात डेकचा मोठा भाग येतो. एका स्पेलमध्ये लढाई संपली.

त्यामुळे शत्रूचे हिट पॉइंट वाढवू नका, मांडणी बदला. एका गलबताऐवजी चार होड्या, एकमेकींपासून ५० फुटांवर. फायरबॉलचा पल्ला १५० फूट, लाँगबोचा लांबचा पल्ला ६००. दोन होड्या १५० फुटांच्या बाहेर ठेवा; डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला कमी आकडा धरणं) घेऊनही त्या बाण सोडत राहतील.

सुरंगी

+१. त्यात मोराल (शत्रूच्या धीराचा आकडा) जोडा. १९८१च्या बेसिक नियमांतली पद्धत पाचव्या आवृत्तीत तशीच बसते: टोळीतला पहिला माणूस पडला की २डी६, अर्धी टोळी पडली की पुन्हा २डी६. फासा मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आला की टोळी पळते किंवा शरण येते. भाडोत्री चाच्यांना ७ द्या, म्हणजे दर तपासणीला ४२ टक्के शक्यता. सरदाराच्या खास माणसांना ९.

याने बाज का बदलतो? पळालेला चाचा दुसऱ्या बंदरात जाऊन तुमचं वर्णन करतो. शरण आलेल्याला खायला घालावं लागतं. शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढणारे शत्रू असले की खेळ कत्तलीचा होतो, आणि कत्तल करणाऱ्याला रात्रीच्या पाणंदीची भीती वाटेलच कशी?

जांभा

वीसफाशींनी "काही ठरावीक स्पेल" म्हटलंय, ते मोजून मांडतो.

फ्लाय: वेग फेरीला ६० फूट, दहा मिनिटं, कॉन्सन्ट्रेशन (लक्ष मोडलं की स्पेल संपतं). म्हणजे ६,००० फूट, साधारण १.८ किलोमीटर. डॅश (फेरी नुसती धावण्यात घालवणं) घेत गेलं तर दुप्पट. होडी नको, तरीवाला नको, ओहोटीची वाट बघायला नको.

वॉटर ब्रीदिंग (पाण्याखाली श्वास): दहा जण, २४ तास, आणि रिच्युअल (सावकाश करायचा विधी) असल्यामुळे स्लॉटही (स्पेल वापरायची मोजकी संधी) जात नाही. बुडालेल्या गलबतातला खजिना ही साहसाची कल्पनाच त्या दिवशी वेगळी होते.

टायनी हट (जादूचा घुमट): हीसुद्धा रिच्युअल, आठ तास. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आत काहीच येत नाही. देवराईच्या कडेला काढलेली रात्र, जी या कॅम्पेनचा गाभा आहे, ती सुरक्षित झोप होते. माझ्या मते बाजाचं सगळ्यात मोठं नुकसान फायरबॉल नव्हे, हीच करते.

गुडबेरी: पहिल्याच लेव्हलचं स्पेल, दहा फळं, एका फळात एका माणसाचं दिवसभराचं खाणं. तुमच्या रेंजरकडे हे आधीपासून असू शकतं.

रिव्हिव्हिफाय: मेलेल्याला उठवतं, मरणानंतर एका मिनिटाच्या आत, ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्च होतात.

उपाय म्हणून स्पेल काढून टाकण्याआधी हे तपासा की ते नक्की कोणाची अडचण सोडवतं. पाण्याचं उदाहरण घ्या. पुस्तकाप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी, उष्ण हवेत दोन. कोकणचा वैशाख म्हणजे दोनच धरा. क्रिएट वॉटर पहिल्या स्लॉटवर १० गॅलन देतं, म्हणजे पाच माणसं. पार्टीपुरती टंचाई संपली. पण गलबतावर ४० खलाशी असतील तर रोज ८० गॅलन हवेत. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकचे स्लॉट ४, ३, २. पहिले चारही आणि दुसऱ्यातले दोन नुसत्या पाण्यावर जातील. मग कोणी जखमी झालं तर? टंचाई पार्टीवर टाकू नका, पार्टीच्या भरवशावर असलेल्या माणसांवर टाका. स्पेल तसंच राहतं, आणि ते कशावर खर्च करायचं हा रोजचा निर्णय होतो.

देवगडी

माका एक वेगळा वाटता. सहाव्या लेव्हलला थांबवा ना! ३.५ आवृत्तीच्या काळात ई६ म्हणून प्रकार निघाला होता: लेव्हल सहावर थांबते, त्यापुढे दर ५,००० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) एक फीट (जादा खुबी). कॅरेक्टर वाढतं, पण आडवं वाढतं.

जांभा

देवगडी, ई६चा हेतू चांगला आहे, पण या कॅम्पेनला तो पुरत नाही. सहाव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे स्पेल आलेलेच असतात. वरच्या यादीतली सगळी त्यात आहेत. ई६ने टेलिपोर्ट थांबतं, रेझ डेड थांबतं. भुताखेतांची भीती राखायची तर थांबा चौथ्यावर हवा. २,७०० एक्सपीला चौथी लेव्हल लागते. त्यापुढे दर दीड-दोन हजाराला एक फीट किंवा एक नवीन प्रोफिशियन्सी द्या. फायटरवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरा वार ही एक गोष्ट फीटसारखी विकत घेऊ द्या. तिसऱ्या पातळीची स्पेल एक्सपीने विकत मिळणार नाहीत, ती पोथीत, कोणाकडे तरी, किंमत देऊन.

वीसफाशी

चौथ्यावर थांबवणं हा टोकाचा उपाय आहे. ज्यांनी पाचव्या लेव्हलची वाट बघितली त्यांना मध्येच सांगणं बरोबर नाही. हे सेशन शून्यमध्ये (खेळाआधीच्या बैठकीत) ठरायला हवं होतं. चालू कॅम्पेनमध्ये लेव्हलला हात न लावता विश्रांती बदला.

डीएम गाइडच्या नवव्या प्रकरणात पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट आठ तास, लाँग रेस्ट (स्पेलचे स्लॉट परत देणारी) सात दिवस. विझर्डचे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट मग आठवड्याला दोन होतात (शॉर्ट रेस्टला काही स्लॉट परत देणारी आर्केन रिकव्हरी सोडून). फ्लाय घेऊन खाडी ओलांडली तर त्या आठवड्यात फायरबॉल एकच. तरीवाल्याची किंमत लगेच कळते.

पण हा बदल आंधळेपणाने लावला तर तीन ठिकाणी फसतो.

पहिलं, क्लासचा तोल. वॉरलॉक, फायटर, मंक यांच्या बऱ्याच गोष्टी शॉर्ट रेस्टला परत येतात, म्हणजे रोज सकाळी. विझर्ड, क्लेरिक आठवडाभर थांबतात. पुस्तकाने एका लाँग रेस्टमध्ये सहा ते आठ मध्यम किंवा कठीण झटापटी धरल्या आहेत. त्या आता आठवड्यात पसरा. आठवड्यात एकच लढाई ठेवलीत तर काहीच बदललं नाही, सगळे सगळं उधळतील.

दुसरं, सात दिवस कुठे काढायचे? रानात नाही. छप्पर, शिजवलेलं अन्न, आणि राहू देणारा यजमान हवा. इथे गाव महत्त्वाचं होतं. ज्या गावाशी वाकडं घेतलं तिथे लाँग रेस्ट नाही. माझ्या दृष्टीने या नियमाचं खरं मोल हेच.

तिसरं, घड्याळ. सात दिवसांत शत्रूही काही करतो. कागदावर त्याच्या चार-पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येक लाँग रेस्टला एक पायरी पुढे सरका. पार्टीला परिणाम दिसू द्या: बंदरात एक गलबत कमी, बाजारात मीठ महाग.

गलबत

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर कोकणात तयार घड्याळ आहे, भरती-ओहोटी. डीएमला कोष्टक लागत नाही, तिथी पुरते. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमारास. पुढे तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सवासहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. प्रत्यक्ष वेळ जागेनुसार थोडी पुढे-मागे होते, खेळाला एवढं पुरे.

सेशनच्या सुरुवातीला तिथी सांगा आणि भरतीची वेळ खेळणाऱ्यांनाच काढू द्या. मग "पायी खाडी कधी ओलांडता येईल", "गलबत वाळूवर कधी बसेल", "किल्ल्याच्या पायथ्याशी होडी कधी लागेल" हे प्रश्न ते स्वतः सोडवतात. शत्रूलाही तेच घड्याळ लागू. त्याची गुराब (मोठं लढाऊ जहाज) भरतीशिवाय खाडीतून बाहेर पडू शकत नाही, हे पार्टीला कळलं की योजना आपोआप सुरू होतात. पहिल्या लेव्हललाही आणि दहाव्यालाही.

आणि फ्लायने किल्ला पडत नाही. जंजिरा बघा. मराठ्यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले, संभाजी महाराजांच्या काळात समुद्रात भराव घालण्यापर्यंत मजल गेली, तरी तो हाती लागला नाही. फ्लाय तिसऱ्या स्लॉटवर एकाच माणसाला उडवतं. एक माणूस आत उतरला म्हणजे किल्ला आला का? दरवाजा उघडायचा, बुरुजावरच्या तोफा गप्प करायच्या, बाहेरची होडी त्याच वेळी भरतीवर आत आणायची. तटाची उंची ही अडचण दुसऱ्या पातळीच्या स्पायडर क्लाइंबनेच (भिंत चढायचं स्पेल) संपलेली असते. तट अवघड ठेवू नका, आतली शिबंदी अवघड ठेवा.

सुरंगी

आता भुतांकडे. इथे एक तांत्रिक चूक सर्रास दिसते. कोकणातलं प्रत्येक भूत "अनडेड" म्हणून लिहिलं जातं. मग दुसऱ्या लेव्हलचा क्लेरिक टर्न अनडेड (मेलेल्यांच्या भुतांना पळवणारी ताकद) करतो आणि ३० फुटांतलं सगळं विझडम सेव्ह चुकलं की मिनिटभर पळत सुटतं. पाचव्याला तर सीआर (शत्रूच्या ताकदीचा आकडा) १/२ आणि त्याखालचं जागीच नष्ट. भुताची भीती गेली ती इथे.

वर्गवारी लोकांच्या समजुतीप्रमाणे करा. मुंजा, समंध, हडळ, गिरा ही मेलेल्या माणसांची भुतं, म्हणून अनडेड. क्लेरिकला त्याची ताकद वापरायला मिळालीच पाहिजे. चकवा हा कोणा मेलेल्याचा आत्मा म्हणून येत नाही, त्याला फे (परी-यक्षांसारखा जीव) धरा. टर्न अनडेड त्याला लागत नाही, पण डिटेक्ट ईव्हिल अँड गुडला तो ३० फुटांत जाणवतो. रेंजर म्हणेल, "आमची पार्टी माझ्या आवडत्या प्रदेशात वाट चुकत नाही." त्याच वाक्यात पुढे "जादूने झालं तर सोडून" अशी सूट आहे. चकवा हीच ती सूट.

गिऱ्याची अडचण निराळी आहे: पुस्तकातले बुडण्याचे नियम फार सौम्य आहेत. श्वास १ + कॉन मिनिटं धरता येतो. कॉन +२ म्हणजे तीन मिनिटं, ३० फेऱ्या. लढाई चार फेऱ्यांत संपते, मग बुडणार कोण? नियम असा बदला: सावध असताना पाण्यात गेलं तर पुस्तकाचा नियम, गिऱ्याने पाय धरून ओढलं, तर मिनिटं नाहीत, थेट शेवटच्या फेऱ्या, म्हणजे कॉन बोनसइतक्या, किमान एक. फायटरला दोन फेऱ्या, विझर्डला एक. गिऱ्याचे हिट पॉइंट २०-२२ असले तरी चौथ्या-पाचव्या लेव्हलची पार्टी काठापासून दूर उभी राहील. पूर्ण बुडालेल्याला आगीचं नुकसान निम्मं हा नियम पुस्तकातच आहे, त्यामुळे फायरबॉलही त्याला सहज संपवत नाही. पाण्याखाली लांब तलवारीला डिसअ‍ॅडव्हांटेज, भाल्याला नाही. हे खेळणाऱ्यांना आधी कळू द्या: एखादा कोळी भाला हातात देऊन सांगेल.

खाडीकाठ

सुरंगी, गिऱ्याचा नियम घेतला. राखणदाराचं काय?

सुरंगी

स्टॅटब्लॉक देऊ नका. हिट पॉइंट लिहिले की तो किती फेऱ्यांत पडेल याचा हिशेब सुरू होतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे जिवंत श्रद्धेची आहे. टेबलावर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी गावात आजही गाऱ्हाणं घातलं जातं. सेशन शून्यमध्ये स्पष्ट विचारा: ग्रामदैवत, कौल, अवसर (अंगात येणं), जातीपाती, यातलं काय खेळात नको, काय पडद्याआड चालेल. एखाद्याने नको म्हटलं की कारण न विचारता काढा. गावांची आणि देवस्थानांची खरी नावं वापरू नका.

पण तुमच्या खेळाडूचं म्हणणंही योग्य आहे. नियम नसला तर तो डीएमचा हट्टच होतो. म्हणून लढाईचा नको, वागण्याचा नियम द्या. जुन्या रिअ‍ॅक्शन फाशाचा (समोरचा कसा वागेल हे ठरवणाऱ्या) सांगाडा घ्या, २डी६:

२: वाट बंद. देवराईतून जाणं नाही, आणि पार्टीवर एक एक्झॉशन (थकव्याची पातळी).
३–५: अपशकुन. आज परत फिरा, नाहीतर दुसऱ्यांदा फासा −२ने.
६–८: काही होत नाही. फक्त मागे काठीचा ठोका ऐकू येतो.
९–११: वाट मोकळी, रात्रभर चकवा लागणार नाही.
१२: राखण. पहाटेपर्यंत एकदा कोणाचीही चुकलेली डेथ सेव्ह (मरणाच्या दारातला फासा) जमली असं धरा.

गाऱ्हाणं नीट घातलं तर +१, मान ठेवला तर +१, देवराईत कुऱ्हाड चालवली तर −३. कोष्टक खेळणाऱ्यांसमोर ठेवा. दहाव्या लेव्हलच्या विझर्डलाही हाच फासा, हेच अधिक-उणे. लेव्हलचा बोनस यात कुठेच येत नाही, आणि तिथेच राखणदार मोठा राहतो.

गाऱ्हाणं खेळणाऱ्याने स्वतः बोलावं, बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणावं. चांगलं बोललं म्हणून जास्त बोनस देऊ नका. लाजाळू खेळाडूला त्याचा तोटा होतो. घातलं की +१, बस.

देवगडी

ह्या कोष्टक बरा आसा. फक्त रोज नको, रातीक एकदाच टाका. पुन्हा पुन्हा टाकलास तर तेची सवय होता.

वीसफाशी

एक विरुद्ध बाजूही मांडायला हवी. कोकण म्हणजे फक्त अंधारी पाणंद नव्हे. दशावतारात देव-दानव रंगमंचावर येऊन तलवारी फिरवतात, तोही कोकणचाच बाज. आणि किनाऱ्यावर आरमार उभं राहिलं, कान्होजी आंग्रे १७२९मध्ये वारले तोवर त्यांच्या दस्तकाशिवाय (परवान्याशिवाय) व्यापारी जहाजांना हा किनारा सुखाचा नव्हता. अकराव्या लेव्हलची पार्टी तिथे बसवता येते. जुन्या नियमांत नवव्या लेव्हलला फायटर गढी बांधून माणसं पदरी ठेवायचा. म्हणजे लेव्हल वाढली की प्रश्न "रात्र कशी निघेल" यावरून "चाळीस गावांची रात्र कशी निघेल" यावर जातो. खाडीकाठ, तुमची पार्टी सातवी-आठवी ओलांडणार असेल तर भीती ताणत बसू नका, त्यांच्या हाती बंदर द्या. चौथ्या लेव्हलला ज्याने तर सोडायला नकार दिला तो तरीवाला आता त्यांच्याकडे फिर्याद घेऊन येईल.

जांभा

हे मान्य. मधल्या पाचवी ते सातवी या पट्ट्यातच खरा गोंधळ असतो.

आणि एक बारीक गोष्ट जी बाज मोडते: डी२० (वीस बाजूंचा फासा). खाडीत जन्म काढलेला तांडेल (होडीचा प्रमुख), +५, डीसी (गाठायचा आकडा) १५. यशाची शक्यता ५५ टक्के. जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या वेळी तो होडी खडकावर घालणार, आणि टेबल हसणार. गंभीर कॅम्पेनला हे घातक. ज्याच्याकडे प्रोफिशियन्सी आहे आणि घाई नाही, त्याला फासा टाकायला लावू नका. किंवा हल्ला आणि सेव्ह सोडून इतर तपासण्यांना डी२०ऐवजी ३डी६ वापरा: +५वाल्याचे ६२.५ टक्के, +२वाल्याचे ४० वरून २६. जाणकार आणि नवखा यांच्यातलं अंतर दिसायला लागतं. लढाईत मात्र डी२०च ठेवा, नाहीतर क्रिटिकलची आणि उंच एसीची सगळी गणितं बदलतात.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. असं ठरवतो: लेव्हल थांबवणार नाही. लाँग रेस्ट सात दिवस, गावातच. टायनी हट रिच्युअल म्हणून नाही, स्लॉट खर्चूनच. रिव्हिव्हिफायचे हिरे फक्त मोठ्या बंदरातल्या सराफाकडे, एका वेळी एकाच वापरापुरते. तिथीचं घड्याळ, गिऱ्याचा नियम, राखणदाराचं कोष्टक. हे पाचव्या लेव्हलच्या आधी खेळणाऱ्यांसमोर ठेवून त्यांची संमती घेतो. काही राहिलं का?

वीसफाशी

स्पेलचा कालावधी राहिला. मेज आर्मर (विझर्डचं जादूचं चिलखत) आठ तास चालतं, कारण ते साहसाच्या एका दिवसासाठी लिहिलंय. आता तो दिवस आठवड्याचा झाला, तर पहिल्या स्लॉटवर एकाच झटापटीपुरतं उरतं आणि विझर्ड ते घेणंच सोडतो. एक तास किंवा जास्त चालणाऱ्या स्पेलचा कालावधी चौपट करा: मेज आर्मरचं ३२ तासांचं. एडचेही (हिट पॉइंट वाढवणारं स्पेल) आठ तास आहेत, तेव्हा तेही ३२च धरा. वॉटर ब्रीदिंग मात्र २४ तासांवरच ठेवा, रिच्युअल आहे, त्याला गरज नाही. आणि हे विझर्ड-क्लेरिकला पाचव्या लेव्हलची स्पेल निवडण्याआधी सांगा, नंतर नाही.

सुरंगी

एका तासाचं उदाहरण हवं असेल तर हेक्स किंवा हंटर्स मार्क घ्या. तुमच्या रेंजरला हंटर्स मार्क चार तास मिळेल, पण कॉन्सन्ट्रेशन तसंच राहील, आणि गिऱ्याने पाण्याखाली मारलं की कॉन सेव्ह डीसी १० किंवा नुकसानाच्या निम्मं, जे जास्त असेल ते.